पार्बताबाईंच्या मागून जवाहरनगर

भंडाऱ्याला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, "कुणाच्या लग्नाला?" राज्याच्या त्या टोकाला माणूस लग्नाशिवाय कशाला जाईल, असा सगळ्यांचा हिशेब. मी वर्गाला गेले होते म्हटलं की समोरचा आणखी गोंधळतो. साठीला आलेली, बँकेतून निवृत्त झालेली बाई कुठल्या वर्गाला जाते?

त्याचं असं झालं. आम्ही चौघी मैत्रिणी दर रविवारी मंडईमागच्या वस्तीत मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग चालवतो. पाट्या आहेत, फळा आहे, बसायला सतरंज्या आहेत. नसतात त्या बायका. सुरुवातीला येतात, मग कुणाची कामं निघतात, कुणाचे गुडघे दुखतात, आणि फळ्यासमोर आम्ही चौघी एकमेकींकडे बघत बसतो. अशात पुण्याला स्वयंसेवकांचं एक शिबिर झालं. तिथं भंडारा जिल्ह्यातून आलेली वंदना नावाची बाई बोलायला उभी राहिली. ब्लाउज शिवते, बारावी झालेली, पस्तिशीच्या आतबाहेरची. बाकीच्यांनी तक्ते दाखवले होते. ही म्हणाली, "आमी काई शिकवत नाई जी. आमी संगं बसतो." आणि खाली बसली. जेवणाच्या रांगेत मी तिला गाठलं. ती म्हणाली, "मंग या ना पाहाले. धान निघालं का या, बायांच्या हाताले जरा उसंत राहते."

धान निघालं आणि मी निघाले.

भंडारा

भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. ही गोष्ट मला गाडीतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं सांगितली, त्यामुळे चुकायला वाव राहिला नाही. थंडी मात्र कुणी सांगितली नव्हती. स्टेशनवर उतरले तर ऑटोवाल्यांनी कानाला मफलर गुंडाळलेले. आमच्याकडे एवढी थंडी पडली तर वर्तमानपत्रात येते.

वंदना भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर न्यायला आली होती. तिला शिलाईचे दोरे घ्यायचे होते, म्हणून बाजारातून फिरलो. पितळी भांड्यांची दुकानं लागली. गुंड, गंगाळ, परात, सगळं उन्हात असं चमकत होतं की मी दुकानदाराशी उगाच बोलत उभी राहिले. मग भूक लागली. एका टपरीवर वंदनानं आलुभाताची प्लेट घेतली. टपरीवाल्यानं मला विचारलं, "सांबार टाकू का जी?"

मी म्हटलं, "नको, कोरडाच बरा."

तो थांबला, माझ्याकडे बघितलं, मग वंदनाकडे. ती हसायलाच लागली. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. साताऱ्याची बाई कोथिंबिरीला नको म्हणते हे त्याला पटेना. माझं न ऐकता त्यानं चिमूटभर टाकलीच.

कोंढा

कोंढ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धान कापून नेलेल्या बांध्यांत लाखोरी हिरवी उगवून आली होती. बांधी म्हणजे भाताचं खाचर, आणि लाखोरी म्हणजे आम्ही लाख म्हणतो ती डाळ. भात काढल्यावर त्याच ओलीवर ती येते, तिला वेगळं पाणी लागत नाही. आमच्या उसाच्या गावात राहून मला पाण्याशिवाय पीक येतं यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो. जवळून बघायला म्हणून मी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत गेले आणि एका पायानं घोट्यापर्यंत चिखलात गेले. चप्पल आत राहिली. वंदनानं कोपरापर्यंत हात घालून ती काढली आणि म्हणाली, "आता झाल्या तुमी आमच्या गावच्या."

वर्ग भरतो बुद्धविहाराच्या पडवीत. वंदना बौद्ध. तिच्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घर तसं. वर्गातल्या निम्म्या बायका तिच्या मोहल्ल्यातल्या, निम्म्या पलीकडच्या शेतकरी घरांतल्या. पहिल्यांदा पलीकडच्या येत नव्हत्या. मग वंदना काय करायची, तर त्या जिथं असतील तिथं जायची. बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, त्या शिंगाडे काढायला बसल्या की ही बाजूला बसून शिंगाडे काढायची आणि बोलता बोलता तळ्याकाठच्या ओल्या मातीत काडीनं अक्षर काढायची. शिंगाड्याला काटे असतात, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या बोटातून रक्त आलं तेव्हा बायकांनी कौतुकानं बघितलं. मला वाटतं, त्यांनी मला मनात जागा दिली ती तिथं.

हळूहळू त्या बोडीवरून पडवीत आल्या. कशा आल्या, ते विचारल्यावर वंदना म्हणाली, "मी बोलावलं नाई कोनाले. फक्त एकदा म्हनलं का आता बोडीवर ऊन लय लागून राहिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात बसले. पुस्तक होतं, पण ते खिडकीत ठेवलेलं. प्रत्येक बाईला वंदनानं सुरुवातीला एकच विचारलं होतं, तुले काय वाचाचं हाये? कौशल्या नावाच्या गलेलठ्ठ, हसऱ्या बाईला मोबाइलवर कुणाचा फोन येतोय ते वाचायचं होतं. "भावजयचा असला का उचलत नाई," तिनं मला स्पष्ट सांगितलं. एकीला रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट वाचायचं होतं. त्या-त्या बाईची अक्षरं तिथून सुरू झाली. मी बघत बसले. साताऱ्यात आम्ही इतकी वर्षं 'कमल, बदक' करतोय, आणि आमच्या एकाही बाईला बदकाशी कर्तव्य नव्हतं.

कोपऱ्यात एक साठीची, सडपातळ, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेली बाई होती. ही पार्बताबाई. तिच्यापुढे पुठ्ठ्याचे तुकडे होते, वंदनानं खडूनं रंगवलेले. एकावर लिहिलं होतं 'पवनी', एकावर 'भंडारा', एकावर 'नागपूर', एकावर 'साकोली'. एसटीच्या पाट्या.

"हिले बस वाचाची हाये," वंदना म्हणाली.

"कायले वाचाची हाये ते बी सांग ना," पार्बताबाईच म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांची मुलगी सरिता जवाहरनगरला असते. नवरा नितीन तिथल्या कारखान्यात नोकरीला, राहायला क्वार्टर. चार वर्षांपूर्वी सरितानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा बौद्ध, आणि पार्बताबाई पलीकडच्या शेतकरी घरातल्या. तेव्हापासून पार्बताबाईंच्या नवऱ्यानं, शालिकरामांनी, मुलीचं नाव घेतलं नाही. पार्बताबाईंचा मुलगाही बापाच्या शब्दाबाहेर नाही. आता सरिताला नववा महिना लागला होता, आणि घरातला एकही पुरुष पार्बताबाईंना तिच्याकडे न्यायला तयार नव्हता.

"फोन करते ना ते," पार्बताबाई म्हणाल्या. "आवाज येते. पन पोरीचं पोट फोनवर दिसते का जी?"

"मग वंदना नेईल की," मी म्हटलं. "किंवा आत्ता मीच येते बरोबर."

पार्बताबाईंनी पुठ्ठे गोळा केले. "दुसऱ्यासंगं गेली का लोक म्हनतीन, तिनं नेली. मले कोनी नेली नाई पाहिजे. मले जाचं हाये. मागून याचं असन तर या."

शालिकरामांचं अंगण

त्याच संध्याकाळी पार्बताबाईंनी मला आणि वंदनाला जेवायला बोलावलं. लाखोरीचे वडे, गरम भात, वर कढी, आणि जवसाची चटणी. भाकरी नव्हती. तिकडे सकाळ-संध्याकाळ भातच, आणि दोन घासांनंतर माझ्या साताऱ्याच्या पोटाला वाटायला लागलं की जेवण अजून सुरूच व्हायचंय. वडे मात्र मी किती खाल्ले ते सांगत नाही.

शालिकराम अंगणात बाजेवर बसले होते. उंच, शांत माणूस. आमच्याकडच्या उसाबद्दल, धरणाबद्दल त्यांनी आस्थेनं विचारलं. आग्रह करून माझ्या ताटात आणखी वाढायला लावलं. "पाहुने, लाजू नोका जी." मला ते आवडले, हे कबूल करायला हवं. वाईट माणूस असता तर गोष्ट सोपी झाली असती.

आम्ही हात धुतल्यावर पार्बताबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "उद्या मी सरीकडे जाऊन राहिली."

शालिकराम पानाला चुना लावत होते, ते लावतच राहिले.

"कोनासंगं?"

"एकटीच. ह्या मागं राहतीन. पन जाईन मी एकटीच."

"रस्ता कोन सांगन?"

"पाट्या सांगतीन."

त्यांनी पान तोंडात घातलं, उठले, आणि दाराशी जाऊन पाठमोरेच बोलले. "जाजो मंग. पन गेली, का तिकडंच राहाजो."

आम्ही वंदनाच्या घरी परत आलो. तिची सासू जागी होती, आमच्या आधीच कुणीतरी तिला बातमी पोचवली होती. ती म्हणाली, "वंदे, त्या घरात फूट पडली का सारा मोहल्ला म्हनन, विहारात बसवून बायकोले बिघडवलं. मंग येतीन का त्या बाया? एकीसाठी साऱ्या वर्गावर पानी सोडतं का?"

मलाही तेच वाटत होतं. मी वंदनाला म्हटलं, "थोडे दिवस थांबायला सांग तिला. बाळंतपण झाल्यावर वातावरण निवळेल."

वंदना मशीनवरचं कापड घडी करत होती. "मावशी, मी तिले विचारलं होतं, तुले काय वाचाचं हाये. तिनं सांगितलं, बस. मी शिकवली. आता बसमंदी बसू नोको म्हनू? मंग शिकवाचंच नोतं." घडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "भेव मले बी वाटून राहिलं. पन तो माझा हाये. तिच्या पदरात कायले टाकू?"

पुन्हा भंडारा

सकाळी आम्ही फाट्यावर पोचलो तर पार्बताबाई आधीच उभ्या होत्या. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत घरचे तांदूळ आणि डिंकाचे लाडू. कौशल्या पण आली होती, "मले बी पाहाचं हाये का ही कशी जाते ते." वंदनानं मला बाजूला घेतलं.

"मावशी, एक वचन द्या. तुमाले माहीत असलं तरी सांगाचं नाई. काई झालं तरी."

"आणि चुकली तर?"

"चुकली तर संगं चुकू."

एसटी आली. पार्बताबाईंनी पाटीकडे बघितलं, ओठ हलले, आणि त्या चढल्या. आम्ही तिघी त्यांच्या मागं काही सीट सोडून बसलो. कंडक्टरनं बायकांचं अर्धं तिकीट फाडलं. कौशल्या मागून म्हणाली, "तिकीट अर्धं हाये, पन बाई पुरी हाये," आणि कंडक्टरही हसला. पार्बताबाई हसल्या नाहीत. त्या खिडकीतून दिसणारी प्रत्येक गोष्ट वाचत होत्या. दुकानाच्या पाट्या, खताच्या जाहिराती, भिंतीवरची नावं. गाडी वेगात असली की शब्द अर्धाच हाती लागायचा, तेव्हा त्या मान वळवून उरलेला मागे शोधायच्या. अड्याळला बस भरली आणि एक बाई त्यांच्या खिडकीत आडवी उभी राहिली, तर त्यांनी तिला गोडीनं सरकवलं. "बाजूले हो ना माय, मी वाचून राहिली."

भंडाऱ्याच्या स्टँडवर मात्र त्या गांगरल्या. एवढ्या गाड्या एका ठिकाणी, काही येतात, काही मागे सरकतात, भोंगे वाजतात. त्यांनी पिशवी छातीशी धरली. तुमसर, असं त्या पुटपुटल्या. साकोली. गोंदिया. मग एका गाडीवर 'नागपूर' दिसलं. जवाहरनगर नागपूरच्या वाटेवर आहे हे त्यांना पाठ होतं. त्या झपाझप निघाल्या.

माझं लक्ष त्या गाडीच्या काचेवर गेलं. नागपूरच्या खाली लहान पाटी होती : विनाथांबा.

मी तोंड उघडलं. वंदनानं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. आम्ही चौघी त्या गाडीत चढलो.

गाडी स्टँडबाहेर पडली आणि कंडक्टर आला. पार्बताबाई ताठ बसून म्हणाल्या, "जवाहरनगर."

"ही जवाहरनगरले थांबत नाई ना बाई! विनाथांबा हाये. पाटी नाई वाचली का?" त्यानं घंटी ओढली. मोठ्या चौकात आम्हाला उतरवून गाडी निघून गेली.

पार्बताबाई दुभाजकाच्या कट्ट्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. एवढी जिद्द, आणि पहिल्याच वळणावर त्या माणसानं चारचौघांत असं बोलावं! मी वंदनाकडे रागानं बघितलं. ती पार्बताबाईंशेजारी नुसती जाऊन बसली होती.

पार्बताबाईंनी पदर काढला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"वंदे, त्यानं मले काय इचारलं? पाटी नाई वाचली का! ऐकलं ना तू? म्हंजे त्याले वाटलं ना, का हिले वाचता येते! आजपावतर कोनी इचारलं मले असं? आजपावतर सारे म्हने, अडानी हाये, सांगा बाप्पा तिले, बसवून द्या गाडीत."

मग आम्ही सगळ्याच हसायला लागलो. चार बायका चौकात कट्ट्यावर बसून हसताहेत, हे बघून एका ऑटोवाल्यानं गाडी हळू केली आणि काही झालं नाही हे पाहून पुढे गेला.

हसून झाल्यावर पार्बताबाई उठल्या आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. आम्ही मागून. या वेळी त्यांनी घाई केली नाही. नागपूरच्या दुसऱ्या एका गाडीपुढे उभ्या राहिल्या, वरची पाटी वाचली, खालची वाचली, काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यातलंही काही वाचलं, ते बहुधा देवाचं नाव होतं. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "ह्याच्यावर विनाथांबा नाई लिवलं. म्हंजे थांबते ना?"

"हाव आजी, थांबते," तो म्हणाला.

जवाहरनगर

कारखान्याची वसाहत मोठी नेटकी. सरळ रस्ते, दुतर्फा जुनी झाडं, एकसारखी घरं, आणि पाळी सुटलेल्या कामगारांना घेऊन चाललेल्या बसगाड्या. कोंढ्याच्या वळणावळणाच्या गल्ल्यांतून आलेल्या पार्बताबाईंना ती सारखी घरं आवडली नाहीत. "मानूस आपलं घर कसं वयखते इथं?" त्यांनी विचारलं. ओळखतो ते पाट्यांवरून आणि आकड्यांवरून, म्हणजे त्यांच्या नव्या विद्येवरच सगळं. क्वार्टरचा नंबर सरितानं फोनवर सांगितलेला त्यांना तोंडपाठ होता. आपण येणार आहोत हे मात्र त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. निघता आलं नाही तर ती वाट बघत बसेल, म्हणून.

एका दारापुढे त्या थांबल्या. दारावर लहानशी पितळी पट्टी होती. आम्ही फाटकापाशीच राहिलो. पार्बताबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत वाचलं.

"स... री नाई... रि. ता. सरिता." मग खालचं. "नि. ती. न."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. दार उघडलं. सरिता पोटावर हात ठेवून उभी होती. ती आईकडे बघेना. आईच्या मागे, आमच्या मागे, रस्त्याकडे बघत होती. कुणीतरी आणखी असेल म्हणून.

"कोनासंगं आली?"

"एसटीसंगं," पार्बताबाई म्हणाल्या.

पुढचं मी लिहीत नाही. आम्ही तिघी बराच वेळ फाटकाशी उभ्या राहून झाडं बघत होतो, एवढंच सांगते.

नितीन पाळी संपवून आला. सासूला दारात बघून त्याची त्रेधा उडाली. जेवल्या का, पाणी दिलं का, पंखा लावू का, थंडीत पंखा! मग तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि चहा टाकला. पार्बताबाई भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून, पुरुष माणूस आलं किसतोय, ते बघत होत्या. चहा घेतला आणि कौशल्याला हळूच म्हणाल्या, "साखर कमी हाये. पन करतो ना जी!"

निघायची वेळ झाली तेव्हा त्या उठल्या नाहीत. "मी बाळंतपन करूनच येईन," त्या म्हणाल्या. "वंदे, घरी तू सांगजो."

वंदनाचा चेहरा उतरलेला मला दिसला. पण ती म्हणाली, "सांगीन."

परत कोंढा

बसमधून उतरल्यावर वंदना घरी गेली नाही. थेट शालिकरामांच्या अंगणात. ते तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, दोर वळत होते. वंदना उभ्यानं बोलली. मला तिचे पाय दिसत होते, अंगठा मातीत रुतवलेला.

"बाबा, पार्बतामामी पोचली. सरिता बरी हाये. दिवस जवळ आले, म्हनून मामी थांबली. कोनी तिले थांबवलं नाई आन् कोनी नेलं बी नाई."

दोर वळणं थांबलं नाही. दोरावर नजर ठेवून त्यांनी विचारलं, "भंडाऱ्याले गाडी बदलली?"

"हाव."

"कोनं सांगितलं?"

"कोनीच नाई. एकदा चुकली. मंग तिनंच पाहिली."

त्यांनी मान हलवली की नाही, सांगता येत नाही. आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी वर्गाला पलीकडच्या चौघीजणी आल्या नाहीत. वंदनानं त्यांची बसायची जागा मोकळी ठेवली आणि उरलेल्यांना घेऊन सुरुवात केली. कौशल्यानं विनाथांबा गाडीची गोष्ट साभिनय सांगितली, कंडक्टर ती स्वतःच झाली. बायका लोळायच्या बाकी होत्या. वंदनानं फळ्यावर 'विनाथांबा' लिहिलं. एवढा लांब शब्द त्या वर्गात पहिल्यांदाच आला आणि सगळ्यांना एका दमात वाचता आला. वर्ग संपल्यावर ती एकटीच पडवी झाडत होती, तेव्हा मी विचारलं, त्या चौघींकडे जाणार का?

"जाईन ना. लाखोरी खुडाले त्या बांधीत येतीनच. मी बी खुडीन."

हे लिहिता लिहिता वंदनाचा फोन येऊन गेला. चौघींतल्या दोघी परत आल्या, दोघी नाही. वाईट वाटतं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, वाटते ना जी, न वाटाले का झालं. इकडे साताऱ्यात आम्हीही आमच्या बायकांना विचारलंय, काय वाचायचंय? एकीनं सांगितलं, घरमालकाच्या दारावरची पाटी, कारण ती रोज तिथं झाडते. गेल्या रविवारी वर्गात माझ्या सतरंजीवर मला बसायला जागा नव्हती.

पण मला सांगायचंय ते माझ्या निघण्याच्या सकाळचं. वंदना फाट्यावर पोचवायला आली होती. धुकं होतं. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले. आणि धुक्यातून शालिकराम आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरं पागोटं, खांद्यावर पोतं. वंदना रस्त्यावर जिथल्या तिथं उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. गाडीत चढले, पोतं माझ्या पायांशी ठेवलं आणि शेजारच्या सीटवर बसले.

अड्याळपर्यंत ते पोत्याला एक हात लावून बसले. मग समोर बघतच म्हणाले, "मी सातवी शिकलो, बाई. शाळेत वाचाले मलेच उभं करत."

मी विचारलं, "पोत्यात काय आहे?"

"लाखोरीची डार हाये. आन् गूळ. बाळंतिनीले लागते." त्यांनी पोत्याची गाठ पुन्हा आवळली. "पोरगी मले पाहून काय म्हनन जी?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. "मला माहीत नाही, बाबा."

"मले बी नाई," ते म्हणाले.

भंडाऱ्याच्या स्टँडवर त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि नागपूरच्या गाड्यांकडे गेले. मला वरठीला जायचं होतं, पण मी थांबले. ते एका गाडीत चढायला लागले. कंडक्टर दारातच होता. त्यानं कुठं म्हणून विचारलं असावं, कारण शालिकराम पायरीवरच थांबले, आणि स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जवाहरनगर. पोरीकडे."